पाचूची अंगठी दुसऱ्यांदा घडवून घेतली – सोलापुरातला अनुभव (जरा लांब आहे)

पच्चा:

इथे बऱ्याच जणांनी विचारलंय, "खड्याची अंगठी करून घ्यायची आहे, सोलापुरात चांगला सराफ सुचवा." मी दुकानाचं नाव सांगणार नाही. एका दुकानात माझी अंगठी बिघडली, दुसऱ्यात नीट झाली, आणि दोन्ही दुकानं सराफ कट्ट्याच्या आसपासचीच आहेत. फरक पडला तो एकाच गोष्टीनं. दुसऱ्या वेळेस मी खडा बसवणाऱ्या कारागिराशी स्वतः बोलले. काउंटरवरचा माणूस अंगठी विकतो, घडवतो दुसरा, खडा बसवतो तिसरा आणि पॉलिश करतो चौथा. आपलं म्हणणं तिसऱ्यापर्यंत पोचलंच नाही, तर ते कुणालाही सांगून उपयोग नाही.

आमचं घर पद्मशाली, घरात तेलुगू. पाचूला आम्ही पच्चा म्हणतो. माझ्या आईला तिच्या वडिलांनी, म्हणजे तातांनी, हैदराबादहून एक सुटा पाचू आणून दिला होता. तातांचे चार माग होते, त्यातून पैसे साठवून घेतलेला. तो कधी कशात बसवला गेला नाही. गुलाबी कागदाच्या पुडीत, पुडी डबीत, डबी कपाटात. लक्ष्मीपूजनाला पुडी उघडायची, खडा ताटात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परत आत. आईनं तो मला दिला तेव्हा एवढंच म्हणाली की आता हा बोटात दिसू दे.

पहिली अंगठी मी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, गड्डा यात्रेच्या सुमारास करायला टाकली. दुकानात अल्बम दाखवला, त्यातली चार पंज्यांची (खडा धरणाऱ्या चार बारीक दांड्यांची) नाजूक अंगठी आवडली, २२ कॅरेटमध्ये सांगितली. सकाळी अकरा वाजता बोटाचं माप घेतलं, १३ नंबर. खड्याचं वजन काट्यावर दाखवलं, पण पावतीवर लिहिलं फक्त "ग्राहकाचा हिरवा खडा १". मीही काही बोलले नाही. अंगठी आली, छान दिसली.

एप्रिल उजाडला आणि अंगठी रुतायला लागली. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, बोटं फुगतात. संध्याकाळी तर साबण लावून काढावी लागायची. दुकानात नेली. "अर्ध्या तासात मोठी करून देतो ताई" म्हणाले आणि खरंच अर्ध्या तासात दिली. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मला काही कळलं नाही. घरी आले, अंगणात उन्हात हात धरला, तर खड्याच्या मधोमध पांढरट जाळी. आधी तिथे स्वच्छ हिरवा रंग होता. परत गेले तर उत्तर मिळालं, "पाचूला रेषा असतातच."

हे खोटं नाही. पाचूला रेषा असतातच. पण या रेषा आधी दिसत नव्हत्या, हे सिद्ध करायला माझ्याकडे एक फोटोसुद्धा नव्हता. तीन चकरा मारल्या आणि मग सोडून दिलं. आईला आठ दिवस सांगितलं नाही.

नेमकं काय झालं ते दुसऱ्या दुकानातल्या, खडा बसवणाऱ्या दादांनी सांगितलं. जवळजवळ सगळ्या पाचूंना बाजारात येण्याआधी तेल पाजलेलं असतं, बहुतेक वेळा देवदार जातीच्या झाडाचं. खड्यात नैसर्गिक भेगा असतात, त्यात तेल भरलं की त्या डोळ्याला दिसेनाशा होतात. ही जुनी आणि मान्य पद्धत आहे, फसवणूक नाही, फक्त विकताना सांगायला हवी. आता अंगठी मोठी करायची म्हणजे कडी कापायची, मध्ये सोन्याचा तुकडा घालायचा आणि ज्योत लावून डाग द्यायचा, म्हणजे सांधा जोडायचा. पाचू जागेवरच ठेवून हे केलं की उष्णतेनं तेल निघून जातं, भेगा उघड्या पडतात, कधी वाढतातही. खडा आधी काढायचा असतो. अर्ध्या तासात काढून, डाग देऊन, परत बसवणं होत नाही, घाई तिथेच झाली. म्हणजे चूक सुरू झाली ती जानेवारीतल्या सकाळच्या मापापासून!

हे दादा मूळचे बंगालचे, वीस वर्षं सोलापुरात आहेत. दुकान सराफांचं, दादा मागच्या खोलीत बसतात. सराफांनीच मला आत नेलं. दादांनी खडा पंज्यांतून काढला, भिंगाखाली धरला आणि मला भिंग दिलं. "ताई, इकडून बघा, भेग वरपर्यंत आली नाही." मग खडा पुन्हा तेल पाजायला जयपूरला पाठवायचं ठरलं. रंगीत खड्यांचं सगळ्यात मोठं काम तिथेच चालतं. त्याआधी या वेळेस मी काय केलं ते लिहिते, कारण ज्यांना खडा द्यायचा आहे त्यांना ते उपयोगी पडेल.

खडा पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढले, वरून, खालून, बाजूनं. वजन मिलिग्रॅमच्या काट्यावर: ०.६८४ ग्रॅम, म्हणजे ३.४२ कॅरेट. लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये मोजली. हे सगळं दोन प्रतींत लिहून दोघांच्या सह्या. "मधोमध आडवी भेग, पृष्ठभागापर्यंत नाही" हेही त्यात लिहिलं. सराफांना त्याचा जराही राग आला नाही, उलट म्हणाले की सगळे असे आले तर आमचीही झोप नीट होईल.

खडा परत यायला महिना लागला. जाळी बरीच विरली, एक रेघ राहिली आहे. तोवर दादांनी मला एक काम दिलं होतं. होणार तेवढ्याच रुंदीची एक साधी चांदीची कडी, १४ नंबरची, आठ दिवस बोटात घालून फिरायची. सकाळी, संध्याकाळी, धुणं झाल्यावर, उन्हातून आल्यावर कशी बसते ते सांगायचं. रुंद कडी त्याच मापाच्या नाजूक कडीपेक्षा घट्ट वाटते, हे मला तेव्हा कळलं. १४ नंबर म्हणजे आतला घेर ५४ मिलिमीटर. तोच ठरला.

अंगठी १८ कॅरेटची केली आणि पंज्यांऐवजी बंद घर घेतलं, म्हणजे खड्याच्या चारी बाजूंनी सोन्याची कड. खडा बसवताना मी समोर बसले होते, ते दृश्य विसरणार नाही. अंगठी लाकडी पकडीत धरली होती. दादा म्हणाले, लाखेत बसवली तर लाख तापवावी लागते, पाचूला ते नको. आधी घराच्या आत खड्याची बैठक कोरली. खडा ठेवून बघितला, उचलला, परत किंचित कोरलं. असं सात-आठ वेळा. एका कोपऱ्यात केसाएवढी फट दिसली म्हणून परत. खडा सगळीकडून सारखा टेकला नाही तर कड दाबताना एकाच जागी जोर येतो आणि तिथेच तडकतो. शेवटी कड दाबायला घेतली. आधी एका बाजूला थोडीशी, मग बरोबर समोर, मग उरलेल्या दोन बाजूंना, आणि मग त्यांच्या मधल्या जागा. एकाच ठिकाणी पूर्ण दाबत गेले नाहीत. खोलीत पंखा बंद होता, घाम टपकत होता, आणि दादा श्वास रोखून हात फिरवत होते. दीड तास लागला. मागच्या वेळी अर्ध्या तासात सगळं झालं होतं.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, जमेल तसं उत्तर देते.

हुतात्मा_सहा_पंचवीस:

ताई, लई मनापासून लिहिलंय की. आता पुण्यात असतो, पण सराफ कट्टा, मधला मारुती सगळं डोळ्यासमोर आलं. एक शंका. २२ कॅरेट सोडून १८ का घेतलं? आमच्या घरी १८ म्हटलं की आजी नाक मुरडते.

पच्चा:

माझ्या आईनंही मुरडलं. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, म्हणून ते मऊ. पंजे वाकतात, कड झिजते, रोज घालायच्या अंगठीत खडा सैल होतो. १८ मध्ये ७५ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदी, त्यामुळे पकड टिकते. पाटल्या, बांगड्या २२ च्याच घ्या. खड्याला धरून ठेवायचं काम असेल तिथे १८ बरं, हे माझं मत.

काटा_तोळा:

आमचं घरचंच सराफी दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. ताईंच्या पहिल्या सराफांनी केलं ते चूकच होतं, पण पंज्यांवर सगळा दोष टाकू नका. पंज्यांत खड्याला खालून-बाजूनं उजेड मिळतो, बंद घरात रंग थोडा गडद, बसका दिसतो. माणिक, नीलम, पुष्कराज हे तिघंही कठीण, कठीणपणाच्या मोहस् मापावर ९. त्यांना चांगले जाड पंजे बिनधास्त चालतात. पाचू साडेसात-आठ असला तरी भेगांमुळे ठिसूळ, त्याला बंद घरच हवं. मोती आणि पोवळं तर फारच मऊ, चारच्या खालीच धरा, रोज घालायच्या अंगठीत मी स्वतः करून देत नाही. गिऱ्हाईक फोटो दाखवून "अस्संच" म्हणतं आणि आम्ही हो म्हणतो, तिथे आमचं चुकतं. खडा कुठला आहे ते बघून घर ठरवायला पाहिजे.

जुनं सोनं देणाऱ्यांसाठी. तुटकी साखळी, एकच उरलेलं कानातलं असं काहीतरी आणून त्यातूनच करा म्हणतात. बरोबर आहे, पण आधी आटणी, म्हणजे सोनं वितळवणं, तुमच्यासमोर करून घ्या. जुन्या दागिन्यात डागाचं पितळ-जस्त असतं, म्हणून २२ म्हणून घेतलेलं सोनं आटल्यावर कमी भरतं. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं गाळणारी) मंडळी देशभर हेच काम करतात, त्यांच्याकडून कस कळला की हिशोब शुद्ध सोन्यावर करायचा. ताईंच्या अंगठीत निव्वळ सोनं किती बसलं?

पच्चा:

५.२१० ग्रॅम. खड्यासकट ५.८९४. बिलावर दोन्ही वेगवेगळं लिहून घेतलं.

काटा_तोळा:

मग ५.२१० गुणिले ०.७५०, शुद्ध सोनं ३.९०८ ग्रॅम. तुम्ही दिलेल्या सोन्यातून एवढं वजा, त्यावर ठरलेली घट (घडवताना वाया जाणारं सोनं), आणि उरलेलं घडणावळीत जमा. घट आणि घडणावळ दोन्ही आधी विचारा. घडणावळ कमी सांगून घट जास्त लावणारेही आहेत, आणि खड्याचं वजन सोन्यात धरून सोन्याचा भाव लावणं हा तर जुना प्रकार. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क लिहिणं बंधनकारक आहे.

हॉलमार्क झालं का?

पच्चा:

हो, खडा बसवण्याआधीच पाठवली होती. आतल्या बाजूला १८ के ७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख नंबर आहे. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला, दुकानाची नोंदणी, केंद्राचं नाव, "अंगठी" आणि शुद्धता सगळं दिसलं. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या हॉलमार्क दागिन्यावर तो नंबर असायलाच हवा. तयार दागिन्यात आपण बघतो, पण ऑर्डरच्या अंगठीत "घरचंच काम आहे, कशाला" असं म्हणून टाळलं जातं. टाळू देऊ नका.

बाळीवेस_कर:

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलाला पुष्कराज घालायला सांगितलाय, "सहा रत्ती". एका दुकानात खडा बघितला, ते म्हणाले हा सहा रत्तीचा. शेजारच्या दुकानात तोच खडा वजन करायला दिला, तर म्हणाले नऊ रत्ती भरतो. यात कोण खोटं बोलतंय? आणि खडा खरा आहे हे कसं ओळखायचं? तुमचा धागा वाचून मी ऑर्डर थांबवलीय.

काटा_तोळा:

काका, कुणीच खोटं बोललेलं नसेल. रत्ती दोन आहेत. सोनाराची रत्ती तोळ्यावरून येते. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्याच्या ९६ रत्ती, म्हणजे रत्तीला साधारण १२१ मिलिग्रॅम. खड्यांच्या बाजारात जी पक्की रत्ती चालते ती साधारण १८२ मिलिग्रॅम, कॅरेटपेक्षा किंचित लहान. सहा पक्क्या रत्ती म्हणजे सोनाराच्या नऊच. भाव मात्र "रत्तीला इतके" असा सांगतात, तिथे घोळ होतो. सरळ कॅरेटमध्ये बोला. कॅरेट जगभर एकच, २०० मिलिग्रॅम.

मास्तर_निवृत्त:

खरा की खोटा याबद्दल थोडं सांगतो, मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आर्किमिडीजचं तत्त्व इथे सुंदर कामाला येतं. मिलिग्रॅमचा काटा हवा, तो कुठल्याही सराफाकडे असतो. खडा सुटा असताना हवेत वजन करा. मग काट्यावर पाण्याची छोटी वाटी न ठेवता, वाटी एका पुलावर ठेवून आणि बारीक दोऱ्यानं खडा काट्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, वाटीच्या तळाला-कडेला टेकू न देता, आणि पुन्हा वजन घ्या. खड्यावरचे हवेचे बुडबुडे आधी ब्रशनं काढा, चूक तिथेच होते. हवेतल्या वजनाला दोन वजनांच्या फरकानं भागा.

पुष्कराज असेल तर उत्तर ४ च्या अगदी जवळ येतं, म्हणजे पाण्यात त्याचं वजन बरोबर पाव भागानं कमी होतं. पुष्कराज म्हणून टोपाझ दिला असेल तर ३.५ च्या आसपास, आणि सुनेला (पिवळं क्वार्ट्झ) असेल तर २.६५. तीन आकड्यांत इतकं अंतर आहे की गोंधळ होणारच नाही. पच्चाताई, तुमच्या पाचूचं केलं होतं का?

पच्चा:

सर, सराफांनी केलं होतं! मला कारण तेव्हा नीट कळलं नाही. पाण्यात ०.४३२ लिहिलंय कागदावर.

मास्तर_निवृत्त:

०.६८४ भागिले ०.२५२. आलं २.७१. पाचूचं २.७ च्या आसपास येतं, तेव्हा जुळतं. पण पाचूच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नये, कारण क्वार्ट्झ २.६५ म्हणजे फार लांब नाही, आणि कारखान्यात वाढवलेला पाचूही जवळपास तिथेच येतो.

तीच गोष्ट माणिक-पुष्कराजची. कारखान्यातला कोरंडमही (माणिक-पुष्कराज ज्याचे असतात ते खनिज) पाण्यात ४ च दाखवणार, तो पदार्थ तोच आहे. खाणीतला की भट्टीतला, तापवलेला की न तापवलेला, हे प्रयोगशाळेच्या रिपोर्टशिवाय कळत नाही. "आजीच्या काळातलं माणिक आहे म्हणजे खाणीतलंच" असं अनेक जण म्हणतात, तेही खरं नाही. ज्योतीत वितळवून माणिक करायची व्हर्नुईची पद्धत १९०२ साली जाहीर झाली आणि ती माणकं जुन्या दागिन्यांत भरपूर सापडतात. आजीला कुणी फसवलं असंही समजू नका, तेव्हाही ती विज्ञानातली नवलाईची वस्तू होती.

शेंगा_चटणी:

मी गेल्या दिवाळीत माणकाची अंगठी घेतली, फारच स्वस्त मिळाली. दुकानदार म्हणाला तापवू नका, लिंबू लागू देऊ नका. यात काही गडबड आहे का?

काटा_तोळा:

हो, बहुधा काच भरलेलं माणिक आहे. हलक्या माणकाच्या भेगांत शिसं असलेली काच भरतात, की ते एकदम पारदर्शक दिसतं. लिंबाच्या रसानंसुद्धा ती काच खराब होते, डागाच्या ज्योतीत तर संपलंच. स्वस्तात सांगून विकलं असेल तर तक्रार नाही, "नैसर्गिक माणिक" म्हणून पूर्ण भावात विकलं असेल तर रिपोर्ट करून घ्या. भिंगाखाली फिरवून बघा, आत निळसर चमक आणि गोल बुडबुडे दिसतील.

चांदणी_विजापूर_रोड:

पच्चाताई, रोज घालता का? मलाही पाचूच हवाय, पण दिवसभर स्वयंपाकघरात हात असतो.

पच्चा:

रोज घालते, पण कणीक-भाकरीच्या वेळी काढून ठेवते. पीठ घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसतं. भांडी घासतानाही काढते. दुकानात फुकट साफ करून देतात ते गुरगुरणारं यंत्र असतं ना, त्यात पाचू अजिबात घालू देऊ नका, तेल निघतं आणि भेग वाढू शकते. मी कोमट पाणी, थोडा साधा साबण आणि लहान मुलाचा मऊ ब्रश वापरते. वर्षातून एकदा कड सैल झाली नाही ना, ते दादांना दाखवणार.

आणि हो, कारागिराला भेटायचं असेल तर दुपारी बारा ते चारच्या दरम्यान जा. सकाळी त्यांच्याकडे कामाची घाई असते, संध्याकाळी उजेड नसतो. सराफांना आधी सांगा, "खडा बसवताना समोर बसू द्याल का?" जे हो म्हणतील त्यांच्याशी पुढचं बोला. मी तीन ठिकाणी विचारलं. दोघं नाही म्हणाले, आणि त्यातल्या एकानं तर खडा हातात घेऊन आत नेला, मी परत मागून घेतला.

बाळीवेस_कर:

मास्तर, काल दुकानात जाऊन तुम्ही सांगितलं तसं करायला लावलं. आधी कुरकुरले, मग त्यांनाच उत्सुकता वाटली, दुकानातली पोरंही जमली. हवेत १.०९२, पाण्यात ०.८१९. फरक ०.२७३. भागाकार बरोबर चार! आणि १.०९२ म्हणजे पक्क्या रत्तीत सहाच भरतो, तेही जुळलं.

मास्तर_निवृत्त:

वा! म्हणजे टोपाझ नाही आणि सुनेला तर नाहीच. आता खाणीतला की भट्टीतला हा प्रश्न राहिला, तो प्रयोगशाळेवर सोडा.

बाळीवेस_कर:

पाठवतोय. सराफांना सांगितलंय, रिपोर्टमध्ये नैसर्गिक आला तर पैसे, नाही तर खडा परत. त्यांनी पावतीच्या मागे तसं लिहून सही दिली. मुलाच्या बोटात आजपासून चांदीची कडी आहे, १८ नंबरची. संध्याकाळी जरा घट्ट होते म्हणतोय, उद्या १९ ची घालून बघू.